डिक्टेशन बंद केलंय, आता पुढे काय? (कॉलेजातलं शिकणं-शिकवणं)

निळी_शाई | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

तालुक्याच्या गावी एका कॉलेजात एफवाय-एसवाय (पहिलं-दुसरं वर्ष) बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते. सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे. सहावं वर्ष आहे. पाच वर्षं मी तेच केलं जे माझ्या सरांनी मला केलं होतं, फळ्यावर हेडिंग लिहायचं आणि सावकाश नोट्स सांगायच्या. मुलं खाली मान घालून लिहितात, वर्ग शांत, सिलॅबस वेळेत पूर्ण, सगळे खूश.

मागच्या वर्षी एका प्रॅक्टिकलला बीकरमध्ये पाणी उकळत होतं. सहज विचारलं, हे बुडबुडे येतायत ना, त्यात काय आहे? बारावीला चांगले मार्क असलेली मुलगी, पटकन म्हणाली हायड्रोजन आणि ऑक्सिजन. मी बाकीच्यांना विचारलं तर निम्म्याहून जास्त मुलं तिच्याच बाजूची. म्हणजे पाणी उकळलं की ते फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन होतं असं त्यांना वाटतंय, आणि मी दोन महिने त्यांना हायड्रोजन बाँडिंगच्या (पाण्याचे रेणू एकमेकांना कसे धरून असतात त्याच्या) नोट्स देतेय! त्यांनी ते पेपरात व्यवस्थित लिहिलंही, मी मार्कही दिले. त्या रात्री झोप लागली नाही मला.

या वर्षी ठरवलं डिक्टेशन बंद. एक प्रश्न, चार पर्याय, आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोला, मग पुन्हा उत्तर. पाच आठवडे झाले. आता अडचणी ऐका. १) मुलं म्हणतात मॅडम शिकवतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. २) दोन पालक विभागप्रमुखांना भेटून गेले. ३) सिलॅबस मागे पडलाय. ४) वर्गात ८४ मुलं, बोलतात तीच चार-पाच.

कोणी असं करून पाहिलंय का? की परत नोट्स सुरू करू? खरंच विचारतेय.

घाटवाट | ३ ऑगस्ट, रात्री १०:४१

अहो बुडबुडे हवेचे असतात ना? 😀

निळी_शाई | ३ ऑगस्ट, रात्री १०:४६

@घाटवाट, भांडं तापायला लागल्यावर तळाशी जे बारीक बारीक दिसतात ते हवेचेच, पाण्यात विरघळलेली असते ती. पण खळखळून उकळायला लागलं की त्यात फक्त पाण्याची वाफ. तुमचं निम्मं उत्तर बरोबर, आणि पर्यायांत 'हवा' सुद्धा ठेवलेलं असतं.

घाटवाट | ३ ऑगस्ट, रात्री १०:५२

घ्या, इंजिनियर होऊन १४ वर्षं झाली आणि आज कळलं. मॅडम तुम्ही बंद करू नका हे.

सातवा_मजला | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

तुम्ही जे करताय त्याला नाव आहे, 'पीअर इन्स्ट्रक्शन'. हार्वर्डचे फिजिक्सचे प्रोफेसर एरिक माझुर यांनी १९९१ च्या सुमारास सुरू केलं, आणि गंमत म्हणजे त्यांची गोष्ट हुबेहूब तुमच्यासारखी आहे. मुलं त्यांच्यावर खूश, फीडबॅक उत्तम, परीक्षेत अवघड गणितं सोडवतायत. मग त्यांनी साधे साधे कल्पनेचे प्रश्न दिले, मोठा ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर कोणाचा कोणावर जोर जास्त, अशा छापाचे. न्यूटनचा तिसरा नियम (म्हणजे दोघांचा एकमेकांवर जोर सारखाच) तोंडपाठ असलेली मुलं तिथे अडकली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं बोलणं आणि मुलांचं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि तुमच्या पहिल्या अडचणीबद्दल. हार्वर्डमध्येच २०१९ साली एक अभ्यास झाला, फिजिक्सच्याच सुरुवातीच्या कोर्सच्या मुलांवर. एका गटाला छान गुळगुळीत लेक्चर, दुसऱ्याला गटात बसून सोडवायला लावलं, दोन्हीकडे मजकूर तोच. दुसरा गट चाचणीत जास्त शिकलेला निघाला, पण 'तुम्ही किती शिकलात असं वाटतं' विचारल्यावर त्याच गटाने कमी सांगितलं! डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं आपल्याला काही येत नाहीये, आणि चांगलं लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. म्हणून मुलांना सुरुवातीलाच सांगा की हे जड जाणार आहे आणि का जाणार आहे. तुमची मुलं जगावेगळं काही बोलत नाहीयेत.

जुना_फळा | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मी ३३ वर्षं मराठवाड्यातल्या कॉलेजांत शिकवून निवृत्त झालो. या धाग्यावर सगळे डिक्टेशनला नावं ठेवणार हे दिसतंय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आम्ही नोट्स का सांगायचो? कारण मुलांकडे पुस्तक नव्हतं. लायब्ररीत एका पुस्तकाच्या चार प्रती आणि मुलं दीडशे. पुस्तक इंग्रजीत, मुलगा मराठी शाळेतून आलेला, वडील सालगडी. त्याच्या वहीत जे उतरेल तेवढंच त्याचं पुस्तक. त्या वहीवर पोरं एमपीएससी झाली, बँकेत लागली. आणि लेक्चर म्हणजे वाईटच असंही नाही, एखादा सिद्धांत कुठून आला, लोक कसे चुकले, मग कसे सुधारले हे रंगवून सांगणारा माणूस वर्गात असला की मुलं विषयाच्या प्रेमात पडतात. ते शेजाऱ्याशी बोलून होत नाही.

बाईंनी प्रयोग जरूर करावा. पण जुन्या पद्धतीची माणसं आळशी होती असं समजू नये.

निळी_शाई | ४ ऑगस्ट, दुपारी १:०५

सर, तसं अजिबात म्हणायचं नव्हतं. माझे सर तुमच्याच पिढीतले, त्यांची वही अजून जपून ठेवलीय मी. पण आता मुलांच्या हातात मोबाईल आहे, पीडीएफ आहे, झेरॉक्सच्या दुकानात पाच वर्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका आहेत. मजकूर मिळतोय हो. कळत नाहीये.

गुळपोळी | ४ ऑगस्ट, दुपारी २:२२

पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा एसवायला आहे (दुसरीकडे). त्याने येऊन सांगितलं असतं की मॅडम नोट्स देत नाहीत, तर मीही भेटायला गेले असते. फी भरतो, एसटीचा पास काढतो, डबा देतो, आणि परीक्षेला लिहायला काही नाही म्हटल्यावर पोटात गोळा येतो. तुम्ही पालकांना एकदा बोलावून तो बुडबुड्यांचा प्रश्न विचारा. मला तर उत्तर आलं नाही, पण मुद्दा कळला.

फायलिंग_मास्तर | ४ ऑगस्ट, रात्री ८:४०

मी आयटीआयला फिटर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर. मला या चर्चेत एक गोष्ट कायम बोचते ती लिहितो.

आम्हाला नुसतं काम येऊन चालत नाही, शिकवायचं कसं याचा एक वर्षाचा कोर्स आहे, सीआयटीएस. त्यात ट्रेनिंग मेथडॉलॉजी हा वेगळा विषय. लेसन प्लॅन, डेमॉन्स्ट्रेशन प्लॅन, सगळं आमच्याकडून करून घेतात, मागे बसून बघतात आणि चुका काढतात. चार पायऱ्या पाठ असतात, तयारी, सादरीकरण, उपयोजन, तपासणी. शाळेच्या मास्तरला बीएड लागतं. आणि जो माणूस डिग्रीच्या पोरांना शिकवणार त्याला नेट-सेट किंवा पीएचडी, बस. सेटच्या पहिल्या पेपरात टीचिंग ॲप्टिट्यूडचे प्रश्न असतात म्हणे, पण प्रश्नाला टिक करणं आणि पोरांसमोर उभं राहणं यात फरक आहे.

आता आमच्याकडे कसं चालतं बघा. पोराला कानस धरायला शिकवायची तर आधी मी पूर्ण वेगात करून दाखवतो, मग सावकाश बोलत बोलत, मग तो मला पायऱ्या सांगतो आणि मी त्याच्या सांगण्याप्रमाणे करतो, आणि मग कानस त्याच्या हातात. तिसरी पायरी लोक गाळतात, खरी तीच महत्त्वाची. पोरगा सांगताना चुकला की मला कळतं डोक्यात काय चुकीचं बसलंय. मग जॉब (कानसलेला तुकडा) झाला की ट्राय स्क्वेअर (काटकोन्या) लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड आला की पृष्ठभाग सपाट नाही. मी ओरडायची गरज नाही, त्याला स्वतःला दिसतं. कॉलेजात हा उजेड कुठून आणायचा ते तुम्ही लोकांनी शोधा.

घाटवाट | ४ ऑगस्ट, रात्री ९:०२

मास्तर, शेवटचं वाक्य वाचून थांबलोच. __/\__

थंडी_वारा | ५ ऑगस्ट, पहाटे २:१०

इंग्लंडमधून लिहितेय, युनिव्हर्सिटीत बिझनेस शिकवते. इथेही पूर्वी तेच होतं, संशोधन येतं म्हणजे शिकवता येतं असं धरून चालायचे. १९९७ साली डिअरिंग समितीचा अहवाल आला, त्यात विद्यापीठातल्या शिक्षकांना शिकवण्याचं प्रशिक्षण आणि त्याची मान्यता हवी असं म्हटलं. तेव्हापासून हळूहळू ते रुळलं. मी लागले तेव्हा नोकरी सांभाळून पीजीसर्ट (शिकवण्याचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स) करावं लागलं. वर्षातून एकदा सहकारी माझ्या वर्गात बसतो, मी त्याच्या. वरिष्ठ नाही, बरोबरीचा माणूस, आणि ते प्रमोशनला जोडलेलं नाही आमच्याकडे, म्हणून खरं बोलता येतं. मला पहिल्यांदा सांगितलं गेलं की तू प्रश्न विचारतेस आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतेस. पुढच्या तासाला मनात दहापर्यंत मोजायला लागले. तेवढ्या एका गोष्टीने वर्ग बदलला. निळी_शाई, तुम्ही पण मोजून बघा.

पेपर तपासण्याचंही सांगते, नमुन्यादाखल काही पेपर दुसरा शिक्षक बघतो आणि दुसऱ्या विद्यापीठातला बाहेरचा परीक्षक प्रश्नपत्रिका आणि तपासणी दोन्हीवर नजर ठेवतो. सगळं गोड आहे असं नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत गेली आणि मुलं गिऱ्हाईक झाली, मग नावडता पण गरजेचा प्रश्न विचारायला शिक्षक कचरतात.

डॉ_स्टेथो | ५ ऑगस्ट, दुपारी ३:३५

मेडिकलमध्ये आम्हाला आता प्रमोशनसाठी शिकवण्याचा बेसिक कोर्स करावा लागतो. २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई आलं, म्हणजे विद्यार्थ्याला काय 'येतं' यावर भर. प्रशिक्षण आहे म्हणून सगळे बदलले असं मी म्हणणार नाही, अनेक जण कोर्स करून येतात आणि सोमवारी तीच ८० स्लाइडची पीपीटी लावतात.

खरा फरक मला परीक्षेमुळे दिसला. ऑस्की म्हणून प्रकार आहे, स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडला. वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, इथे बीपी घे, इथे पेशंटला इन्सुलिन कसं घ्यायचं ते समजाव, समोर परीक्षक चेकलिस्ट घेऊन. बीपीची थिअरी दोन पानं लिहिणारा मुलगा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) उलटा बांधतो ते तिथे दिसतं. आणि एकदा कळलं की परीक्षेत कफ बांधायचाय, की मुलं वॉर्डात येऊन आपणहून सराव करतात, कोणी सांगावं लागत नाही. म्हणून मॅडम, वर्ग कितीही बदला, पेपरात 'टीप लिहा' असेल तर मुलं टीपच मागणार, आणि त्यात त्यांची काय चूक?

सातवा_मजला | ५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

डॉक्टरांशी १००% सहमत. हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

चाकण_लाईन | ५ ऑगस्ट, रात्री ११:१५

ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मुलं घेताना मी बसतो इंटरव्ह्यूला. मी आता सर्टिफिकेट बघणं जवळपास सोडलंय. टेबलावर मायक्रोमीटर आणि एक पिन ठेवतो, माप म्हणतो. फर्स्ट क्लास डिग्रीवाला मुलगा लिस्ट काउंटची (उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) व्याख्या सांगतो आणि पिन उचलतच नाही. आयटीआयचा मुलगा आधी झिरो एरर बघतो, म्हणजे उपकरण शून्यावर आहे ना ते. मास्तरांना सलाम.

पण डिग्रीच्या मुलांवर मी चिडत नाही, कारण मी स्वतः पुण्यात इंजिनियरिंग केलंय आणि ड्रॉइंगच्या शीट कशा पूर्ण व्हायच्या ते मला माहितीये. काचेखाली बल्ब लावायचा, मित्राची शीट खाली, आपली वर, चालू जीटी (ग्लास ट्रेसिंग). रात्रभर बारा-तेरा जण एका काचेवर. एकही शीट स्वतः विचार करून काढली नव्हती, सबमिशन मात्र सगळ्यांचं झालं. आज मला ड्रॉइंग वाचता येतं ते नोकरीच्या पहिल्या वर्षात एका टूलरूमच्या काकांनी जॉब हातात देऊन शिकवलं म्हणून.

घाटवाट | ६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

जीटी!! काय आठवण काढलीत. आमच्या हॉस्टेलला काच एकच आणि तिचा नंबर लागायचा, रेशनच्या रांगेसारखा. एकदा बल्बने शीट पिवळी पडली आणि सरांनी विचारलं ही शीट जुनी कशी दिसते 😀

कोरा_कागद | ६ ऑगस्ट, रात्री ९:५०

मी टीवायला आहे, स्टुडंट बाजूने सांगतो. मॅम, मुलं बोलत नाहीत त्याचं कारण आळस नाही. चुकलं की अख्खा वर्ग हसतो आणि ते तीन वर्षं चिकटतं. आमच्या वर्गात एकाने एफवायला 'मोल' (केमिस्ट्रीतलं पदार्थ मोजायचं एकक) म्हणजे चामखीळ म्हटलं होतं, त्याला अजून तेच नाव आहे. दुसरं म्हणजे इंग्लिश. उत्तर डोक्यात असतं पण ते इंग्लिशमधून जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो. तिसरं, आमच्यात कितीतरी जण काम करतात, मी सकाळी पेपर टाकतो आणि संध्याकाळी मेडिकल दुकानात बसतो, दुपारच्या लेक्चरला लिहिताना निदान जागा तरी राहतो.

पण एका सरांनी आम्हाला बोटं दाखवायला सांगितली होती, १ २ ३ ४, छातीजवळ धरून, म्हणजे मागच्या-शेजारच्याला दिसत नाही, फक्त सरांना दिसतं. ते सगळ्यांनी केलं. मी पण.

निळी_शाई | ६ ऑगस्ट, रात्री १०:१५

कोरा_कागद, हे खूप मोलाचं सांगितलंस बाळा. मी हात वर करायला सांगत होते. उद्यापासून बोटं.

रात्रपाळी | ७ ऑगस्ट, रात्री १:४०

भाषेवरून लिहावंसं वाटलं. मी दहावीपर्यंत झेडपीची शाळा आणि गावचं हायस्कूल, मग डिप्लोमा. दिवसा पॉलिटेक्निक आणि रात्री हायवेवरच्या गॅरेजमध्ये काम. पहिल्या सेमला टॉर्क म्हणजे काय ते तीनदा लिहून घेतलं, फोर्स इन्टू परपेंडिक्युलर डिस्टन्स, पाठ होतं, तरी केटी लागली, म्हणजे विषय राहिला. आणि मी रोज रात्री काय करायचो? ट्रकच्या चाकाचा गंजलेला नट सुटला नाही की पान्याला दोन हाताचा पाईप घालायचो आणि त्याच्या टोकाला लटकायचो, नट करकरत सुटायचा. दोन्ही एकच आहे हे मला कोणी सांगितलंच नाही! दुसऱ्या वर्षाला एका मॅडमनी विचारलं, तुमच्यापैकी गॅरेजला कोण जातं, इकडे ये आणि नट कसा सोडवतोस ते सांग. मराठीत सांगितलं. मग त्यांनी माझ्याच वाक्याच्या शेजारी फळ्यावर सूत्र लिहिलं. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागलो.

म्हणून म्हणतो, चर्चा मराठीत होऊ द्या. शेवटी लिहायचं इंग्रजीत असेल तर त्या दोन ओळी सगळ्यांनी मिळून इंग्रजीत करा. २०२१ पासून इंजिनियरिंग मराठीतून शिकायला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) परवानगी दिली, चांगलंच आहे, पण संवेग आणि त्वरण पाठ करायला लावलं तर तेही घोकणंच. भाषा मुलाच्या तोंडातली पाहिजे.

जुना_फळा | ७ ऑगस्ट, सकाळी ९:००

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या वर्गातही गॅरेजवाली पोरं असतील. मी कधी विचारलं नाही.

पिंपळपान | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

थोडं वेगळं लिहिते, विषयाला धरून आहे. मी मुक्त विद्यापीठातून बीए केलं, वयाच्या ४१ व्या वर्षी, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठातून. आम्हाला रोजचे तास नव्हतेच, पुस्तकं घरी मिळाली आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. पुस्तकात दर दोन-तीन पानांनंतर 'आपली प्रगती तपासा' अशी चौकट, खाली रिकाम्या रेघा, उत्तरं शेवटी. पहिल्यांदा मी त्या गाळून पुढे वाचायचे, पोळ्या करता करता. मग लक्षात आलं की रेघा भरल्या की रविवारी बोलता येतं आणि गाळल्या की नुसतं ऐकत बसावं लागतं. आमच्या गटात एक कंडक्टर, दोन अंगणवाडी सेविका आणि एक सैन्यातून आलेले काका होते, सगळे काहीतरी लिहूनच यायचे. तुमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातलं आधी वाचून यायला सांगता येणार नाही का? म्हणजे तास उरेल.

सातवा_मजला | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१२

पिंपळपान, तुम्ही अनुभवाने जे शोधलंत ते प्रयोगातही दिसलंय. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परीक्षेच्या आदल्या रात्री 'नाइट मारून' पास होता येतं आणि दिवाळीनंतर काही आठवत नाही, ते यामुळेच.

आणि ज्यांना आकडा हवाय त्यांच्यासाठी, २०१४ मध्ये सायन्स-इंजिनियरिंगच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गात २१.८.

चाकण_लाईन | ७ ऑगस्ट, रात्री ८:०५

आकडे तिकडचे आहेत. आपल्याकडे ८४ मुलं, वीज नाही, प्रोजेक्टर बंद आणि तासाप्रमाणे पगार. मॅडम तास घेतात ५० मिनिटं, पण असा एक चांगला प्रश्न तयार करायला दोन तास लागत असतील, त्याचे पैसे कोण देतं? जोवर माणूस कायम नाही तोवर सुधारणा त्याच्या एकट्याच्या जिवावर चालणार, आणि तो दमला की संपली. हे लिहिल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही.

निळी_शाई | ७ ऑगस्ट, रात्री ९:४४

चाकण_लाईन, हे खरं आहे आणि कोणीतरी बोललं म्हणून बरं वाटलं. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या जूनला बोलावतील का माहीत नाही. तरी प्रश्न बनवते कारण ती मुलगी 'हायड्रोजन-ऑक्सिजन' म्हणाली तेव्हाचा तिचा आत्मविश्वास डोळ्यासमोरून जात नाही.

ठरवलंय ते लिहिते. नोट्स बंद नाही करत, आधीच झेरॉक्सला ठेवते, प्रत्येक धड्याच्या, मध्ये मध्ये रिकाम्या चौकटी टाकून (पिंपळपान, तुमची कल्पना). बोटं छातीजवळ. बोलणं मराठीत. प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजायचं. शेवटची तीन मिनिटं चिठ्ठी, आज काय अडलं ते, नाव न लिहिता. जुना_फळा सरांची गोष्ट पण लक्षात आहे, दहा मिनिटं मी नुसती गोष्ट सांगणार, शोध कसा लागला त्याची. आणि इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) आपल्या हातात आहे, त्यात निदान एक प्रश्न असा टाकते जो कुठल्याच जुन्या पेपरात नाही.

फायलिंग_मास्तर | ७ ऑगस्ट, रात्री १०:००

प्रॅक्टिकलचं काय? उजेड तिथेच सापडेल.

निळी_शाई | ८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मास्तर, प्रॅक्टिकलला मुलं उत्तर आधी मित्राच्या जर्नलमधून घेतात आणि उलट्या दिशेने रीडिंग भरतात. सगळ्यांचं ब्युरेट रीडिंग एकसारखं, १०.२, १०.१, १०.२.

फायलिंग_मास्तर | ८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

मग प्रत्येक टेबलाला वेगळं द्रावण द्या. मित्राचं उत्तर उपयोगाचंच राहणार नाही.

थंडी_वारा | ११ ऑक्टोबर, रात्री ११:३०

धागा वर काढतेय. निळी_शाई, पुढे काय झालं? दोन महिने झाले.

निळी_शाई | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

इंटर्नल झाली, काल पेपर तपासून झाले म्हणून आज लिहिते. सगळं छान झालं असं नाही. सिलॅबस एक धडा मागे आहे, त्यासाठी दोन रविवार जास्तीचे तास घेतले. विभागप्रमुख एकदा मागे येऊन बसले, काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून कोणी पालक आले की त्यांनाच बुडबुड्यांचा प्रश्न विचारतात. नवीन प्रकारचा प्रश्न ८४ पैकी ३१ जणांना आला. मला वाईट वाटलं. मग पाहिलं तर बाकीच्यांपैकी पुष्कळांनी चुकीचं पण स्वतःचं काहीतरी लिहिलंय, कोरं सोडलेलं नाही आणि एकाच छापाचं नाही. तपासायला वेळ लागला, पण पहिल्यांदाच पेपर तपासताना मी मुलांशी बोलतेय असं वाटलं.

प्रॅक्टिकलचं मात्र सांगायलाच हवं. मास्तरांचं ऐकून ऑक्झॅलिक ॲसिड दर टेबलाला वेगळ्या तीव्रतेचं केलं, बाटल्यांवर नुसते नंबर. पहिल्या दिवशी गोंधळ, मॅडम आमचं आणि त्यांचं जुळत नाही. मग हळूहळू मुलं स्वतःचंच रीडिंग परत घ्यायला लागली. आणि एका टेबलावरून हाक आली, मॅडम, परमँगनेटचा पहिला थेंब टाकला तर गुलाबी रंग जायलाच तयार नाही, गरम केलंय तरी, आणि नंतरचे थेंब पडल्या पडल्या गायब होतायत, आमचं काही चुकलंय का? मी इतकी वर्षं हे टायट्रेशन घेतेय, कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. रिॲक्शनमध्ये तयार होणारं मँगनीजच पुढची रिॲक्शन पळवतं, सुरुवातीला ते नसतं म्हणून वेळ लागतो. मी हे सांगितलं नाही. म्हटलं पहिल्या थेंबाच्या आधीच चिमूटभर मँगनस सल्फेट टाकून बघा काय होतं. टाकलं. तासाची घंटा झाली तरी कोणी ॲप्रन काढला नाही.

विचारणारी तीच मुलगी, बुडबुड्यांवाली. आता एसवायला आहे.

कोरा_कागद | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मॅम आमच्या कॉलेजला या ना.

गुळपोळी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५८

मुलाला वाचून दाखवला हा प्रतिसाद. म्हणाला आमच्याकडे पण रंग जात नव्हता, आम्ही रीडिंग जुळवून टाकलं.

निळी_शाई | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१०

दिवाळीनंतर द्रावणांचा धडा आहे. प्रश्न सुचवा मंडळी, बोटांनी उत्तर देता येईल असे. चुकीचे पर्यायही खरे वाटले पाहिजेत.

जुना_फळा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

बाई, माझ्याकडून एक घ्या. १०० मिली पाण्यात १०० मिली अल्कोहोल मिसळलं, एकूण किती? १) २०० पेक्षा जास्त २) बरोबर २०० ३) २०० पेक्षा कमी ४) तापमानावर अवलंबून, सांगता येत नाही.

बहुतेक मुलं दोन बोटं दाखवतील. लगेच काही सांगू नका. दोन मोजपात्रं पुढे ठेवा आणि मागच्या बाकावरच्या कोणाला तरी ओतायला बोलवा. आणि ओतून झालं की काचेला हात लावून बघायला सांगा, कोमट लागेल. त्यावरून पुढचा प्रश्न तेच विचारतील.

हे मी १९८९ साली एकदा वर्गात केलं होतं. नंतर सिलॅबसच्या घाईत राहून गेलं. तुम्ही केलंत की इथे लिहा, मी वाट बघतोय.

घाटवाट | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

माझी दोन बोटं वर आहेत सर, आता सांगू नका, संध्याकाळी मुलीला घेऊन घरी करून बघतो.

जुना_फळा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

सर्जिकल स्पिरिट चालेल. गॅस बंद ठेवा.